चार तारांवरचा हक्क

शनिवारी सकाळी नेमानीने बेस गिटारच्या चारही तारा काढल्या, कसाव्याचे कंद उकडायच्या पातेल्यात टाकल्या आणि पातेलं चुलीवर चढवलं.

"झालं!" त्याची बायको लिटिया म्हणाली. "आता दुपारी कसाव्याला लोखंडाची चव."

"शेवटचंच उकळतोय. पुन्हा नाही लागणार तुझं पातेलं."

लिटियाच्या तोंडी पुढचा टोमणा तयार होता, पण तो तिने गिळला. ती लाकूड पुढे सारून जाळ वाढवू लागली.

समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि बोटांच्या घामाने तारा मुक्या होतात. एकदा उकळल्या की पुन्हा दोन-तीन महिने बोलत्या राहतात. पस्तीस वर्षं नेमानी हेच करत आला होता. आज गिटार घरातून जाणार होती, आणि जाताना ती धुऊन-पुसून, बोलती होऊन जावी एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. उकळलेल्या तारा त्याने चिमट्याने काढल्या आणि कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. एका बाजूला त्याचा सदरा, दुसऱ्या बाजूला लिटियाचा घागरा, मधे चार तारा वाऱ्यावर हलत राहिल्या.

गिटार तशी काही दिसायला नव्हती. तपकिरी रंग, तोही हाताखाली झिजून खालचं लाकूड दिसू लागलेला. आवाजाच्या दोन बटणांपैकी एक केव्हाच हरवलं, तिथे नेमानीने नारळाची करवंटी घासून गोल तुकडा बसवला होता. ती जपानात बनली. मग कुठल्याशा मालवाहू जहाजाच्या आचाऱ्याबरोबर लेवुकाच्या बंदरात उतरली आणि बावीस वर्षांच्या नेमानीच्या मांडीवर येऊन बसली. तेव्हापासून बेटावरचं एकही लग्न, शाळेची एकही जत्रा तिच्याशिवाय झाली नाही. चटईवर मांडी घालून बँड बसायचा. तीन गिटारी, एक चिमुकलं, गिटारीसारखंच उकुलेले आणि मागे स्पीकरपाशी भिंतीला टेकलेला नेमानी. तो सूर लावायचा आणि चटईवर लोळणारी तान्ही पोरं एकदम गप्प व्हायची. कानाआधी त्यांच्या पाठीला तो सूर कळायचा.

नव्या गिटारी त्याने वाजवल्या नव्हत्या असं नाही. राजधानीत, सुवाला, चुलतभावाच्या बँडमध्ये एकदा त्याच्या हाती पाच तारांची, बॅटरीवर चालणारी, आरशासारखी चकचकीत बेस दिली होती. नखाचा ओरखडासुद्धा तिच्यातून सभागृहभर ऐकू जायचा. तिसऱ्या गाण्यात बॅटरी संपली ती वेगळीच. परतल्यावर लिटियाने विचारलं, कशी होती? तो म्हणाला, "छान होती. पण तिच्यावर वाजवताना मला सारखा मीच ऐकू येत होतो. आपल्या म्हातारीवर वाजवलं की बाकीचे ऐकू येतात."

त्याच चुलतभावाचा, अपिसाईदादाचा, गुरुवारी फोन आला होता. हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. बाहेरून कोणी रेकॉर्डिंगवाला आला होता आणि त्याला जुन्या बेसचा जाड, गोल आवाज हवा होता. "नेमानी, शनिवारच्या बोटीने येतोय," अपिसाई म्हणाला. "देवमाशाचा दात घेऊन येतोय. आणि तुझ्यासाठी नवी पाच तारांची."

इथल्या रीतीत देवमाशाचा दात पुढे ठेवून मागितलेली वस्तू नाकारायची म्हणजे मागणाऱ्या माणसालाच दारातून परत पाठवायचं. अपिसाईला कसं पाठवणार? वादळाने घराचं छप्पर उचलून समुद्रात फेकलं, तेव्हा सुवाहून पत्रे घेऊन पहिला माणूस आला तो अपिसाईच. आठ दिवस छपरावर चढून त्याने स्वतः खिळे ठोकले. त्या पत्र्यांखाली झोपणाऱ्या माणसाने त्याला नाही म्हणायचं?

"म्हणा की," गुरुवारी रात्री लिटिया म्हणाली होती.

"तू म्हणशील?"

लिटियाने कूस बदलली. तिलाही म्हणता आलं नसतं.

तारा वाळायला आल्या तेव्हा अंगणात टेम्पोचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक.

"आली लुटारू," लिटिया म्हणाली, पण हसतच.

सेनिमिली म्हणजे नेमानीच्या मोठ्या बहिणीची मुलगी. बेटाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर टेम्पो चालवायची, माणसं आणि कसाव्याच्या गोण्या एकाच दराने न्यायची. या लोकांत बहिणीचं मूल मामाच्या घरी आलं की त्याला विचारायचं नसतं. डोळ्याला आवडेल ते ते उचलतं, आणि मामाने तोंड उघडायचं नाही. तो त्याचा जन्माचा हक्क. सेनिमिलीने तो हक्क कधी गंजू दिला नव्हता. किटली गेली होती. सावलीत वाळत घातलेल्या चटया गेल्या होत्या. तुरेवाली कोंबडी गेली होती, तीही अंड्यावर बसलेली असताना, अंड्यांसकट.

"मामा, धक्क्यावर चालले, अपिसाईमामाला आणायला," ती आत येत म्हणाली. "वाटेत म्हटलं, काही न्यावं."

"पपई घे. पिकलीय."

"पपई घेतली." खरंच तिच्या काखेत पपई होती. मग तिची नजर भिंतीकडे गेली. तारा काढलेली गिटार तिथे उभी होती. "आणि ही घेते."

नेमानीला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तो हसला. सेनिमिली हसली नाही.

"ही?"

"हो. आवडली मला."

"अगं, आज अपिसाईदादा तिच्यासाठीच येतोय. दात घेऊन. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे की. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. तारा चढव ना मामा, अशी उघडी नको मला."

नेमानीने लिटियाकडे पाहिलं. लिटिया पातेलं घासत होती. इतक्या मन लावून ती कधी पातेलं घासत नसे.

बोलायला तोंड उघडलं आणि त्याचं त्यालाच ते मिटावं लागलं. भाचीने हात लावला होता. तो दोरीपाशी गेला, एकेक तार काढून आणली, चढवली, खुंट्या पिळल्या, कान लावून सूर जुळवले. मग त्याने गिटार दोन्ही हातांवर धरून भाचीच्या हाती दिली. सेनिमिलीने ती चटईत गुंडाळली आणि टेम्पोत ठेवली. चिखल उडवत टेम्पो वळणाआड गेला.

"गेली ती गेली," तो पायरीवर बसून म्हणाला. "आणि आता दादापुढे रिकाम्या हातांनी बसायचं. एकाच दिवसात दोन्हीकडून मेलो."

लिटिया बाहेर आली, त्याच्याशेजारी टेकली. "आंघोळ करून घ्या," एवढंच म्हणाली.

दुपारी अपिसाई आला. अंगाने भारदस्त, मनाने मऊ माणूस. दारातच त्याने नेमानीला मिठी मारली आणि छपराकडे बघून विचारलं, "गळत नाही ना?" नेमानीला रडू यायचं बाकी राहिलं.

चटया अंथरल्या होत्या. लाकडी परातीत यांगोना, मुळ्यांचं मानाचं पेय, घोळली जात होती. गावाच्या वतीने बोलणारे म्हातारे उसाइया वरच्या अंगाला बसले. अपिसाईने नव्या गिटारची पेटी बाजूला ठेवली आणि देवमाशाचा दात दोन्ही हातांनी उचलला. जुना, मधाच्या रंगाचा दात होता. तो नीट, ठरल्या शब्दांत बोलला. पूर्वजांना, घराला, गावाला मान दिला. मग म्हणाला, "भावाकडे भाऊ आलाय. त्याच्या घरातली चार तारांची गिटार मागतोय. हा दात हलका आहे, पोटात घ्या."

सगळ्यांच्या नजरा नेमानीवर होत्या.

"दादा," नेमानी म्हणाला. "तुझ्या दाताला हात लावायचं तोंड मला नाही. तू मागतोस ती माझ्याकडे नाहीये. आज सकाळी सेनिमिलीने नेली."

दात अपिसाईच्या हातात तसाच राहिला. आणि मग म्हातारे उसाइया हसू लागले. आधी खांदे हलले, मग दात नसलेलं तोंड उघडलं, मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"भाचीने नेली!" ते म्हणाले. "मग विषयच संपला!"

"कुठली सेनिमिली?" अपिसाईने विचारलं. "मला घेऊन आली ती?"

"तीच मामा," दारातून आवाज आला. सेनिमिली उंबऱ्यावर बसून पपई खात होती.

"आणि बेस कुठे आहे?"

"टेम्पोत. तू ज्या बाकावर बसून आलास ना, त्याच्या खाली."

"अगं, पण तुला वाजवता तरी येते का?"

"कोंबडी नेली तेव्हा मला अंडी घालता येतात का, असं कोणी विचारलं नाही."

घर हसण्याने हललं. परातीपाशी बसलेल्याच्या हातून यांगोना सांडली. नेमानी मात्र हसत नव्हता. तो भाचीकडे पाहत होता. ती एकेक काळी बी बोटाने काढून अंगणात उडवत होती आणि त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. तेव्हा त्याला कळलं. छातीवर दोन दिवस बसलेलं कोणीतरी उठलं आणि दारातून चालत गेलं, असं त्याला वाटलं.

अपिसाई चिवट होता. दात घेऊन तो उंबऱ्याकडे वळू लागला. उसाइयांनी हात वर केला.

"थांब, अपिसाई. भाचीपुढे हात पसरणारा मामा मी ऐंशी वर्षांत पाहिला नाही. मरायच्या आधी मला तो दाखवू नकोस."

अपिसाई थांबला. सेनिमिलीने ओठ पुसले आणि तिची नजर त्याच्याशेजारच्या चकचकीत पेटीवर गेली.

"मामा," ती गोड आवाजात म्हणाली, "तू पण माझ्या आईचा भाऊच ना?"

अपिसाईने पेटी झटकन मांडीवर ओढली. "हिला बॅटरी लागते," तो घाईघाईने म्हणाला. "सारखी बदलावी लागते. फार कटकट आहे. तुला नाही झेपायची!" मग स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानी पडलं आणि तोही हसू लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. दात त्याने जपून कापडात गुंडाळला. "हरलो," तो म्हणाला. "पण रिकाम्या कानाने जाणार नाही. ऐकव तरी."

सेनिमिलीने गिटार आणून दिली. नेमानी भिंतीला टेकला. उकुलेले सुरू झालं, गिटारी आल्या, बायकांनी उंच आवाजात गाणं उचललं:

*होडी लागली किनारी, नाही उतरलं कोणी,*
*वाळूवर पाऊल ओलं, नाही पुसत गं पाणी.*

आणि खालून, चटईच्याही खालून, म्हातारीचा सूर आला. अपिसाईने डोळे मिटले. गाणं संपल्यावरच त्याने ते उघडले. मग म्हणाला, "त्या रेकॉर्डिंगवाल्याला सांगतो, आवाज हवा असेल तर बोटीत बस, उलट्या कर आणि ये."

"येऊ दे," लिटिया म्हणाली. "कसावा आहे घरात."

संध्याकाळी सेनिमिली निघाली. नेमानी गिटार चटईत गुंडाळून तिच्या टेम्पोपाशी घेऊन गेला. खिडकीतून आत देऊ लागला तर तिने काच अर्धी वर केली.

"माझ्या घरात जागा नाही, मामा. तुझी कोंबडी फार माजलीय, सगळीकडे तिची पिल्लं. ही तुझ्याकडे राहू दे. सांभाळ. वाजवत जा, नाहीतर खराब होईल."

"सेनिमिली..."

"पण लक्षात ठेव, माझी आहे ती. मला विचारल्याशिवाय कोणाला द्यायची नाही."

त्याने खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर नुसता ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. तिने भोंगा वाजवून त्याला दचकवलं आणि गेली.

दोन आठवड्यांनी पलीकडच्या गावचा, लांबच्या नात्यातला एक माणूस आला. पोराला बेस शिकायची होती. तो पायरीवर बसला, हवापाण्याचं बोलला, बोटींचं बोलला, आणि शेवटी जुन्या गिटारकडे बघत म्हणाला, "दादा, एक मागणं होतं."

नेमानीने आयुष्यात नात्यातल्या कोणाला नाही म्हटलं नव्हतं. कोणी पायरीवर असं बसलं की मागणं पुरं व्हायच्या आधीच तो वस्तू आणायला उठायचा. आज तो उठला नाही.

"माझी नाही रे ती," तो म्हणाला. "भाचीची आहे. पोराला पाठव, इथे बसून शिकवतो."

पाहुण्याने मान डोलावली. मनात किंतु उरायला जागाच नव्हती. नेमानीने त्याला चहा दिला आणि समोर बसून स्वतःही, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.