समेवर उरलेला ‘बा’

पौषातले उतरते ऊन मिरजेच्या छपरांवर पसरले होते. पिवळे, पातळ, परतीच्या वाटेवरचे ऊन. समोरच्या गच्चीवर तंबोऱ्यांसाठी वाळत घातलेले भोपळे बसले होते. पोकळ-उदर, गंभीर-मुख, तारा चढण्याआधीच मैफलीला येऊन बसलेले श्रोते. वारा त्यांच्यापाशी थबकत होता, आत डोकावत होता, आणि काही न बोलता पुढे जात होता.

त्या भोपळ्यांसमोरच्या खिडकीत भार्गवराव करमरकर बसले होते. निवृत्त पोस्टमास्तर, आजन्म कानसेन, आणि या क्षणी संगणकाची कळ दाबायला भ्यालेले गृहस्थ.

समोर काळा पडदा. कृष्णजल, निस्तरंग. त्या जळाच्या तळाशी त्यांचे संगीतभांडार निजले होते. गावोगावच्या घरगुती मैफली, जुन्या कॅसेटींवरून एकेक करून संगणकात उतरवलेल्या; मूळ कॅसेटी त्यानंतर रद्दीत गेलेल्या. पत्नीची, शरयूबाईंची, वाचा गेली त्या दिवसापासून तो तळ कुणी ढवळला नव्हता. मेंदूत कुठे तिळाएवढी गुठळी अडली आणि घरातला अखंड झरा आटला. चालणे परतले. हसणे अर्धे परतले. शब्द परतले नाहीत.

“बाबा, आईचाच जुना आवाज तिला ऐकवा, असं वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्यात,” लेक केतकीने सकाळी सांगितले होते. “तुमच्या मैफलींत असेलच की. आई कधी गप्प बसली होती?”

“शोधतो.”

“घाबरलात का?”

“छे. संगणक म्हातारा झालाय. त्याला धाप लागते.”

धाप संगणकाला नव्हती. भार्गवराव शुद्धतेचे उपासक. कॅसेट उतरवली की ते तिला सोवळे नेसवत. पडद्यावरची आवाजाची हिरवी लहर न्याहाळायची, नको ते निवडायचे, कापायचे. खोकला गेला. कपबशीची किणकिण गेली. दाराची कडी गेली. आणि सर्वांत आधी जाई ती शरयूबाईंची दाद. सारी बैठक ‘वाहवा’ म्हणे, ‘क्या बात है’ म्हणे. या बाई ध्वनिमुद्रकाला खेटून बसत आणि ऐन समेवर म्हणत, ‘अगंबाई’. जणू दूध उतू गेले.

“गवयाचा खोकलाही पुसलात?” त्या विचारत. “जिवंत होता हो बिचारा तेव्हा. उद्या मलाही गाळाल.”

“तूच तर सगळ्यात मोठी खरखर,” भार्गवराव म्हणत. आणि कापत.

त्यांनी कळ दाबली. “पुन्हा स्वागत आहे,” पडद्यावर अक्षरे उमटली. दंतवैद्यही असेच स्वागत करतो.

आतल्या खोलीत शरयूबाई मटार सोलत होत्या. दाणे स्टीलच्या पातेल्यात पडत होते. टप. टप टप. त्या टपटपीला पाठ देऊन भार्गवरावांनी बागेश्री उघडला. निर्मळ. केदार उघडला. निर्मळ. समेमागून सम आली, आणि प्रत्येक समेशेजारी एक घासलेली, चकचकीत, निर्जन शांतता आली. त्यांनी आपल्या हाताने घर इतके झाडले होते, की घरधनिणीची पावलेही केरासोबत सुपलीतून बाहेर गेली होती.

यमन. निर्मळ.

उन्हाची तिरीप भिंतीवरून उतरू लागली तेव्हा त्यांनी मुलतानी उघडला. संथ, सावळा, सायंकाळकडे झुकलेला मुलतानी. गवई विलंबित लयीची पायरी पायरी चढला, वळला, समेकडे झेपावला. तबल्याचा ‘धिं’ पडला, आणि त्या ‘धिं’च्या कुशीत काहीतरी खरबरीत वाजले.

‘बा’.

अलीकडचा ‘अगं’ त्यांनीच कापला होता. पलीकडची ‘ई’ही त्यांनीच कापली होती. मधला ‘बा’ मात्र तबल्याच्या थापेत असा गुंतला होता, की तो काढला असता, तर सम रक्तबंबाळ झाली असती. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावून तो राहू दिला होता. भांडारभर विखुरलेल्या मैफलींत पत्नीचा म्हणून एवढाच ऐवज उरला होता. एक अक्षर.

आतली टपटप थांबली.

थांबली ती थांबलीच. ओळखले असेल का? की दुखावले असेल? मागे वळून पाहण्याचे धैर्य नव्हते. भोपळे खिडकीतून पाहत होते. भोपळे काही सांगत नव्हते. भार्गवरावांनी आवर्तन मागे नेले आणि पुन्हा सोडले.

गवई पुन्हा पायरी पायरी चढला. पुन्हा वळला. समेच्या किंचित अलीकडे, जिथे त्यांच्या कात्रीने भगदाड पाडले होते तिथे, आतल्या खोलीतून एक गंजलेला, खरवडलेला, अंधाऱ्या विहिरीतून वर आलेला स्वर उमटला.

“अगं…”

‘बा’, यंत्र म्हणाले.

आणि पुढे पोकळी. त्यांनीच कापलेली, त्यांनीच घासूनपुसून ठेवलेली पोकळी. तिच्या काठावर क्षणभर सारे घर तोल सावरत उभे राहिले.

“…ई,” भार्गवराव म्हणाले. बेसूर, कंपित, समेच्या बरेच मागून. मैफलीत कुणी असे केले असते, तर त्यांनी ते तत्काळ कापले असते.

आत अर्धे हसू वाजले. मग एक दाणा पातेल्यात पडला. मग दुसरा. ऊन भिंतीवरून उतरले, अंगणातून उतरले, नदीकडे निघून गेले. समोरच्या गच्चीवर भोपळे तसेच बसून होते, पोकळ आणि गंभीर. आणि त्यांतल्या एकात, तार चढण्याआधीच, वारा घुमला.