कल म्हणजे काल

मी इतवारीतल्या कवडूच्या चहाच्या हाटेलासमोरचा बाक बोलतोय. बसा. फक्त डावीकडे रेलू नका, तिकडचा पाय हलतो.

मी मूळचा शाळेतला. सागवान पारशिवनीकडचं. केशव नावाचा पोरगा माझ्यावर बसायचा. माझ्या फटीत चिंचोके लपवायचा, गणिताच्या तासाला पाय हलवत गुणगुणायचा. एकदा त्याने चाकूने माझ्या अंगावर 'स्वराज्य' कोरलं. वामनराव मास्तरांनी त्याचं नाव कमी केलं आणि मला भंगारात काढलं. आम्ही एकाच दिवशी शाळा सोडली. कवडूने मला उचलून आणलं आणि संध्याकाळी केशव पुन्हा माझ्यावरच. काय दिवस होते ते. तो बसला की मला अजून आपण वर्गातच आहोत असं वाटायचं.

पुढे मास्तर पेन्शनीत निघाले आणि तेही माझ्यावरच येऊन बसू लागले. म्हाताऱ्यांना काय, चहा बशीत ओतायचा आणि जगाचा निकाल लावायचा.

बेचाळीसचा ऑगस्ट. सकाळी कामठीकडून आलेला टांगेवाला ओरडत गेला, "सब लीडर गिरफ्तार. जुलूस कल."

"काय म्हणला गा तो?" रुपरावांनी विचारलं. हे मास्तरांचे रोजचे जोडीदार.

"जुलूस कल. कल म्हणजे काल. झाली मिरवणूक."

हिंदीत उद्यालाही कलच म्हणतात, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण टांगा थांबवून विचारलं असतं, तर मास्तरांना येत नाही असं झालं असतं ना.

तेवढ्यात केशवची आई रुखमाबाई धावत आली. पोरगा मिरवणुकीत जाईल म्हणून तिने त्याला घरात कोंडला होता. "मास्तर, मिरवणूक कवा हाय?"

"काल झाली वं. सोड पोराले."

तिने जाऊन कडी काढली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. गोळीबार झाला. केशवला गोळी लागली आणि तो गेला.

परवा स्वातंत्र्य आलं. कवडूने सगळ्यांना फुकट चहा पाजला आणि बेचाळीसला कोण कुठे होतं याच्या गोष्टी निघाल्या. रुपरावांनी म्हणे झेंडा धरला होता. धरली होती ती बशी. त्या दिवशी ते माझ्यावरून हलले नव्हते.

मग मास्तरांनी घसा साफ केला. "मी तर रुखमाबाईले साफ म्हटलं, मिरवणूक उद्या हाय. जाऊ दे पोराले, देशाचं काम हाय."

रुखमाबाई तिथेच उभी होती. "हो मास्तर. तुम्ही उद्याच म्हणले असान. माह्याच कानानं काल ऐकलं. पाच वर्षं झाले, मी या कानाले शिव्या देऊन राहिली."

रुपराव गार झालेल्या चहावर फुंकर घालत बसले. कवडूने शेगडीकडे तोंड फिरवलं. दोघांनीही त्या दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मास्तर मिशा पुसून दुसरा कप मागत होते.

मी लाकूड. माझ्यावर बसतात, माझं ऐकत नाहीत. पण तुम्हाला तोंड आहे. इतवारीत कुठे रुखमाबाई दिसली, तर तिला थांबवा आणि एवढंच सांगा: बाई, तुमचा कान चांगला आहे. मास्तर 'काल'च म्हणाले होते.