मोहरीच्या उशीवरचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी कधीही बिघडलो नव्हतो. दोन हिवाळे माझ्यावर तो आळ होता. म्हणून आज माझी कहाणी मीच सांगणार आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भिंग पुसले, बटणे तपासली आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते थेट दिल्लीत, मयूर विहारमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर. अरुणाताई तेव्हा नुकत्याच बँकेतून निवृत्त झाल्या होत्या. सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाऐवजी त्यांना मला दिले. चांगले केले. शाल आत्तापर्यंत कपाटातच राहिली असती.

त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर एका उद्यानात तलाव आहे. थंडी पडली की तिथे लांबलांबून बदके आणि कुरव येतात. कुरव म्हणजे ते पांढरे, समुद्रावर उडणारे पक्षी; इथली मुले त्यांना सीगलच म्हणतात. रविवारी सकाळी धुके जरा विरळ झाले की अरुणाताई मला गळ्यात अडकवून निघत. माझे बटण दाबता यावे म्हणून त्यांनी उजव्या हातमोज्याचे एक बोट चक्क कात्रीने कापले होते. शेव टाकून पक्ष्यांना जवळ बोलावणाऱ्यांवर त्या जाम चिडत. त्या स्वतः कठड्यापाशी तासभर उभ्या राहत आणि मला तय्यार ठेवत.

काय काय टिपले आम्ही! फावड्यासारख्या चोचीचा थापट्या टिपला. चोचीवर पिवळे टोक आणि लाल ठिपके मिरवणारे हळदीकुंकू बदक टिपले. आमचे फोटो मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात छापून आले. लोक विचारत, "कॅमेरा कोणता हो?" मग मी आठवडाभर फुगून बसत असे.

आणि एका हिवाळ्यात फोटो पुसट येऊ लागले. उडणारा कुरव म्हणजे नुसता पांढरा डाग. "कॅमेरा बिघडला," अरुणाताईंनी जाहीर करून टाकले. चांदणी चौकातल्या कारागिराने मला उघडून पाहिले आणि सांगितले, "मॅडम, कैमरा बिल्कुल ठीक है।" त्यांनी दुसरा कारागीर गाठला. तोही तेच म्हणाला. "यांना काही कळत नाही," असे म्हणून त्यांनी मला कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिले.

मला खरे कारण ठाऊक होते. मला धरताना त्यांची बोटे थरथरत होती. पण मला तोंड कुठे आहे? दोन पावसाळे मी अंधारात काढले. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते, मित्रांनो, आणि ती एकदा चढली की आमचे आयुष्य संपले. मी फार घाबरलो होतो.

गेल्या डिसेंबरात हिंगोलीची अक्षता त्यांच्या पुढच्या खोलीत राहायला आली. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. एक दिवस अरुणाताईंनी मला तिच्या हातात दिले. "तुला हवा तर ठेव. बिघडलाय, दुरुस्त होतो का बघ."

अक्षताने मला पुसले, बॅटरी चार्ज केली आणि बाल्कनीत मटार सोलत बसलेल्या अरुणाताईंचा फोटो काढला.

"काकू, हे बघा! दाणा न् दाणा दिसतोय. कॅमेरा तर एकदम ठीक आहे!"

अरुणाताईंनी मटारचे ताट बाजूला सारले आणि फोटो पाहिला.

"मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "माझे हात थरथरतात. हल्ली चहाचा कपसुद्धा मी अर्धाच भरून घेते. कॅमेऱ्यावर ढकलणं सोपं होतं, यार. स्वतःचं कोण कबूल करतं?" त्यांचे डोळे भरून आले. माझा दोन वर्षांचा राग तिथेच विरघळला.

डॉक्टरांनी सांगितले, वयाने आलेला कंप आहे, घाबरण्यासारखे काही नाही. पण पूर्ण जाणार नाही.

"ट्रायपॉड आणू या?" अक्षताने विचारले.

"ट्रायपॉड असला की उद्यानाचा गार्ड आत सोडत नाही गं," अरुणाताई म्हणाल्या. "अच्छा, तान्ह्या बाळाची मान कलंडू नये म्हणून आपण काय ठेवतो डोक्याखाली?"

"मोहरीची उशी!"

त्याच दुपारी जुन्या सुती साडीचा तुकडा निघाला आणि डब्यातली सगळी मोहरी त्यात गेली. सुईत दोरा अक्षताने ओवला. टाके मात्र अरुणाताईंनी स्वतः घातले, वेडेवाकडे.

रविवारी तलावाच्या कठड्यावर उशी ठेवली आणि उशीवर मला. मोहरी हळूच सरकली आणि मला घट्ट धरून बसली. गार्ड आलाच. "ये क्या है, आंटीजी?"

"तकिया है, भैया। कैमरे का।" तो हसत निघून गेला.

पहिल्या फोटोत नुसते पाणी आले. दुसऱ्यात कुणाची तरी शेपटी. अरुणाताईंची बोटे थरथरतच होती, पण ती थरथर आता उशीत मुरत होती. तिसऱ्या वेळी एक कुरव पंख पसरून पाण्यावर उतरला. क्लिक!

अरुणाताईंनी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. पीस न् पीस सुटे दिसत होते. "डोळा दिसतोय गं त्याचा! अगदी डोळा!" त्या हसतही होत्या आणि रडतही होत्या. मग त्या पुन्हा माझ्यावर वाकल्या. त्या सकाळी आम्ही एकशे बारा फोटो काढले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. आमच्या भिंगाला बोट लावू नका, पावसाळ्यात आम्हाला कोरडे ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा. आणि घरातल्या कुणी आपले आवडते काम अचानक सोडले, वर वस्तूच बिघडली असे सांगितले, तर ती वस्तू जरूर तपासून पाहा. पण त्याआधी त्या माणसाचा हात हातात घ्या.