झील धरली

जयेश, तू खाली वेटिंगमध्ये बसला होतास म्हणून तुला वाटतं तुला सगळं माहीत आहे. पण भिया, आत ऑपरेशनमध्ये काय झालं ते तुला घंटा माहीत नाही. आणि उर्वी तर तेव्हा पुण्यालाच होती. तर आज मी पूर्ण सांगते. मधे टोकायचं नाही. मतलब टोका, पण कमी.

गाठ सापडली कशी ते तर माहीत आहे ना? महूला जयंतीचा प्रोग्राम, मामांची गायन पार्टी, पुढे मी, मागे कोरसमध्ये निशांतदादा. मस्त गाता गाता एकदम चाल गायब. शब्द तोंडात, चाल नाही. टीव्हीवर बातम्या वाचतात ना, तशी मी गाणं वाचायला लागले. मग हात झटकायला लागला आणि मी स्टेजवरच धप्प. मामा म्हणाले ऊन लागलं. एमआरआयमध्ये निघालं की ऊन-बिन काही नाही, उजव्या कानाच्या वर, आत, लिंबाएवढी गाठ बसलीय.

सर्जन मधुरिमा मॅडम. भोपाळच्या, मराठीचा एक शब्द येत नाही. पण समजावलं एकदम छान. म्हणाल्या, तुझं बोलणं डावीकडे आहे, त्याची काळजी नाही. गाणं मात्र याच बाजूला आहे, गाठीला चिकटून कुठेतरी. नक्की कुठे, ते उघडल्यावरच कळेल. म्हणून तुला जागं ठेवू. तू गात राहायचं, मी एकेका जागी बारीक करंट लावणार. जिथे लावल्यावर गाणं बिघडेल, ती जागा गाण्याची. तिथे कापायचं नाही.

"और उसके नीचे जो गाँठ है, वो?" दादाने विचारलं.

"वो रहेगी. थोड़ी-सी. फिर स्कैन करते रहेंगे."

मग घरी आलो. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "गाणं काय करायचंय? माणूस राहिला पाहिजे."

मी म्हटलं, "गाणं गेल्यावर जो माणूस राहील तो काय करेल रे? तुझ्यासारखा पॉलिसी विकेल?"

"विकेल ना. जिवंत तर असेल."

आई म्हणाली, जेवा आधी.

आता झील. नाही उर्वी, तलाव नाही! अगं तेच तर सगळं लफडं आहे, थांब जरा. आमच्या पार्टीत पुढच्याची ओळ संपली की मागचे लोक ती उचलून धरतात, त्याला झील म्हणतात. हिंदीत तलाव, आमच्यात कोरस. दादा शाळेपासून माझी झील धरतो. आणि झील धरणाऱ्याचं खरं काम वेगळंच असतं. पुढचा अडकला, विसरला, सूर सुटला, की ओळ संपायच्या आधीच झील टाकायची. एवढ्या सफाईने की पब्लिकला वाटलं पाहिजे असंच बसवलंय. आणि खाली कोणी विचारलं तर "एकदम बढिया झालं" म्हणायचं. चूक झाली हे स्टेजवर कबूलच करायचं नाही. मामांचा नियम आहे तो. शिव्या नंतर, गाडीत.

तर ऑपरेशनमध्ये असा माणूस पाहिजे होता जो ऐकून सांगेल, ही बरोबर गातेय की चुकतेय. कारण गाणं मामांचं स्वतःचं. "सूर्य निघाला शाळेला गं, पाटी त्याची सोन्याची." आमच्या पार्टीबाहेर कोणाला येतच नाही. मग दादाला हिरवे कपडे, टोपी, मास्क घालून आत घेतलं. आणि मी अशी शहाणी, मीच मॅडमना म्हटलं, ह्याला झील पण म्हणू द्या, त्याशिवाय मला पुढची ओळ सुचत नाही. मॅडमना मी तेव्हा झील नाही म्हटलं, कोरस म्हटलं. तेव्हा सुचलं होतं ना, शांतपणे खुर्चीत बसले होते!

आधी झोपवतात. उघडून झालं की उठवतात. मला जाग आली आणि पहिल्यांदा मी काय केलं सांगू? मान वळवायला गेले. आणि मान नाहीच. म्हणजे आहे, पण तिच्यावर माझा हक्क नाही. डोकं लोखंडी शिकंज्यात स्क्रूने कसलेलं. वेदना नाही बरं का, सुन्न केलेलं असतं. पण हलत नाही म्हणजे नाही. वरून प्लास्टिकचा पडदा, तंबूसारखा. त्या तंबूत मी, टॅब घेऊन बसलेल्या रुची मॅडम, ज्या माझ्या टेस्ट घेणार होत्या, आणि दादाचे डोळे. बस, एवढीच दुनिया. नाक खाजत होतं. हाताला एवढ्या वायरी की उचलवत नाही. रुची मॅडमनी बिचारीने टिश्यूने खाजवून दिलं, पण दुसऱ्याच बाजूला. दोनदा सांगायची लाज वाटली, मग तसंच पडून राहिले.

आणि मागे, पडद्याच्या त्या बाजूला, लोक. चिमटे ठेवल्याचे आवाज, कोणीतरी एसी वाढवायला सांगतंय. विचार करा ना, तुमच्याच घरात कोणी सामान हलवतंय आणि तुम्हाला दाराकडे पाठ करून बांधून ठेवलंय. तसं. आणि घर कुठलं, तर डोकं. त्यातून बाहेर कुठे पळणार?

"शीला, शुरू करें?" मागून मधुरिमा मॅडम.

आधी चित्रं. छतरी, हाथी, चाबी. मी फटाफट सांगितलं. मग गाणं. मॅडम म्हणायच्या "लगा रही हूँ", मी गायचे, दादा झील म्हणायचा, रुची मॅडम त्याच्याकडे बघायच्या, तो मान हलवायचा, त्या म्हणायच्या "क्लियर". परत दुसरी जागा. क्लियर. परत. क्लियर. मला तर मजा यायला लागली यार. वाटलं, वा, म्हणजे गाणं इथे नाहीच, सगळी गाठ निघेल आणि गाणंही राहील.

"लगा रही हूँ."

"सूर्य निघाला शाळेला गं, पाटी त्याची..."

आणि गेलं. कसं सांगू तुम्हाला. शब्द समोर दिसतोय, सोन्याची, पण वर जायचं की खाली ते माहीतच नाही. वर म्हणजे काय तेच माहीत नाही. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकतो ना, आणि पायरी नसते, तसं पूर्ण गाण्यात. तोंड उघडं आणि आत काहीच नाही.

आणि तेवढ्यात दादाने झील धरली.

"सोन्याची गं सोन्याची!" बरोब्बर मात्रेवर. मागे मॅडमनी करंट काढला असेल, कारण चाल धप्पकन परत आली आणि मी त्याच्या आवाजात घुसले. इतकं सफाईदार झालं की काय सांगू. स्टेजवर असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

रुची मॅडमना काय कळणार? त्यांना वाटलं त्याची पाळीच होती. त्यांनी विचारलं, "निशांतजी, ठीक था?"

आणि दादा म्हणाला, "हाँ जी. एकदम बढ़िया."

"क्लियर."

मागून मधुरिमा मॅडम म्हणाल्या, "गुड. यही रास्ता है फिर. यहीं से अंदर जाएँगे."

तिथूनच आत जाणार म्हणजे तीच जागा कापणार. मी ओरडले, जेवढं ओरडता येतं तेवढं, "मैडम, झील! दादा ने झील पकड़ ली!"

हस जयेश, हस. आता मलाही हसू येतं.

रुची मॅडम टॅबकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "झील? बेटा, झील तो कहीं है ही नहीं. ये चाबी है."

"चाबी नहीं! झील! वो झील इसने पकड़ी, मैंने नहीं गाया!"

मागून आवाज, "क्या बोल रही है?"

"मैम, झील बोल रही है. बार-बार. बोल रही है भाई ने झील पकड़ ली."

पडद्याच्या मागे चिमट्यांचे आवाज थांबले. आणि मला कळलं की मी खरं सांगतेय आणि ह्यांना वाटतंय माझं डोकं बिघडलं. म्हणजे मी जेवढी जास्त बोलणार तेवढी जास्त बिघडलेली दिसणार. "नेमिंग दोबारा करो," मॅडम म्हणाल्या. परत छतरी, परत हाथी. मी सांगतेय, हाथी, आणि डोळ्यांतून पाणी चाललंय कानात, पुसताही येत नाही. कोरस! एवढा साधा शब्द, उर्वी! पण तो तेव्हा आलाच नाही. करंट-बिरंट काही नव्हता हं, निव्वळ भीती. जितका शोधायचे तितकी झीलच यायची तोंडात.

आणि तो बेहोशीवाला डॉक्टर, मला दिसतही नव्हता, नुसता आवाज, एकदम प्रेमाने म्हणतो, "थक गई है मैम. वैसे भी मैपिंग हो गई. हल्का-सा सुला दूँ?"

झोपवलं असतं की संपलं होतं. उठले असते तेव्हा जागाच नसती.

मी दादाकडे बघितलं. त्याला सगळं माहीत. झील काय ते माहीत, मी कुठे अडकले ते माहीत. एका वाक्याचं काम होतं.

"दादा, बोल ना," मी म्हटलं. "सांग त्यांना."

त्याने डोळे खाली केले. मास्कच्या वर फक्त पापण्या दिसत होत्या.

"दादा, माझं आहे ते. तुझं नाही. बोल!"

नाही बोलला. मला मान फिरवून दुसरीकडे बघताही येत नव्हतं ना, तर मी त्याच पापण्यांकडे बघत राहिले. आणि मग माहीत नाही कुठून आलं, पण समजावणं सोडूनच दिलं मी. एकदम हळू, एकदम साध्या हिंदीत म्हटलं, "मैडम, मैं ठीक हूँ. मेरा नाम पंचशीला है, इंदौर में हूँ, ऑपरेशन चल रहा है. इनको बाहर भेज दो. मैं अकेली गाऊँगी. जहाँ अभी लगाया था, वहीं फिर से लगाओ."

रुची मॅडम दादाकडे बघून म्हणाल्या, "भाई को बाहर?"

"हाँ. बाहर."

यार, त्या तंबूत माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. आणि मीच हाकललं. तो उठला तेव्हा पडद्याची कड हलली, थोडा उजेड आला, मग परत बंद.

"लगा रही हूँ," मधुरिमा मॅडम.

"सूर्य निघाला शाळेला गं, पाटी त्याची..."

आणि काहीच नाही. कोणी झील धरली नाही. मशीनचं टिक टिक. मी तोंड उघडं ठेवून पडलेली आणि सगळ्या खोलीने ऐकलं की तिथे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी उघडी चुकले.

"ओह," रुची मॅडम म्हणाल्या.

करंट काढला, मी ओळ पूर्ण केली. परत लावला, परत गेली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मधुरिमा मॅडमनीच थांबवलं. "बस. मिल गया. यहाँ टैग लगाओ." मग आवाज जरा जवळ आला, वाकल्या असतील. "शीला, इसके नीचे का टुकड़ा छोड़ना पड़ेगा. याद है ना, बात हुई थी?"

"हाँ."

"पक्का?"

"पक्का, मैडम. छोड़ दो."

मग दुसऱ्या बाजूने गेले आत. बाकीची काढली. राहिला तो शेंगदाण्याएवढा तुकडा. रिपोर्ट बरा आला, हळू वाढणारी आहे म्हणतात, पण आहे. आईला सांगितलं तर तिने एकच विचारलं, "म्हणजे मुद्दाम ठेवून आलीस?" मी हो म्हटलं.

दादाला मी विचारलं. टाके निघाल्यावर, गच्चीवर कपडे वाळत घालत होता तो. म्हटलं, खरं सांग, ते आपोआप झालं का?

"आपोआपच. तोंडातून निघून गेलं. एवढ्या वर्षांची सवय आहे, शीलू."

"झील समजले मी. पण बढिया? ते पण आपोआप?"

त्याने माझा एक कुर्ता झटकला. परत झटकला. मग म्हणाला, चिमटे संपले, खालून आणतो. आणि गेला. चिमट्यांची टोपली तिथेच होती रे, भरलेली.

रागावले? नाही उर्वी, तेच तर कळत नाही. कधी वाटतं हा मला जिवंत ठेवायला निघाला होता. कधी वाटतं हा मला न विचारता माझं गाणं विकून आला असता. दोन्ही एकच वाटतं मग.

आता गाते ना, हो, सगळं गाते. पण परवाचं सांगते. मी अंघोळ करत होते, मस्त मामांचं गाणं चाललेलं, आणि गीझर संपला. थंडगार पाणी अंगावर आलं आणि सूर असा चिरकला माझा. बाहेरून लगेच कडी वाजली.

"शीलू? ती वरची जागा जरा..."

"पाणी थंड आलं रे!"

"हां. हां, ठीक आहे."

पण गेला नाही. दाराखालून त्याचे पाय दिसत होते. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, तोही बंद झाला, म्हणजे आईपण ऐकतेय. आणि मी आत, डोळ्यांत साबण, कडी लावलेली, विचार करतेय, खरंच पाण्यानेच चिरकला ना? मग मी तीच ओळ परत गायले. बरोबर आली. तरी परत गायले. पाय तिथेच. आणि मग मीच आतून विचारलं, "दादा, आता?"