बदकाच्या चोचीत मोडलेली सुई

मी सुई बोलतेय. शिवणाची नव्हे. तिला नेढं असतं, दोरा असतो, घरात मान असतो. माझ्या नशिबी यातलं काही नाही. माझ्या अंगाला बारीक खाचा आहेत आणि काम एकच, टोचणं. पिंजलेल्या सुट्या लोकरीत मला खुपसायचं, काढायचं, पुन्हा खुपसायचं. दर खेपेला माझ्या खाचा थोडे केस धरून खाली नेतात आणि तिथेच सोडून येतात. असं करता करता भुसभुशीत लोकर घट्ट होते, तिला आकार येतो. माणसं याला कला म्हणतात. मी म्हणते, शी!

तुम्हाला लोकरीचा वास माहीत नाही. ओल्या कुत्र्याला बंद खोलीत कोंडा, मग कळेल. त्यात माझ्या मालकिणीची ती घाण सवय. जिभेवर बोट फिरवायचं आणि त्याच बोटाने लोकरीचं टोक वळायचं. मग त्यातून मी जायचं. मला कुणी विचारलं?

मालकीण म्हणजे त्या घरातली धाकटी जाऊ. थोरली जाऊ गालिचे करायची, पण तिची तऱ्हा वेगळी. चौकटीवर गोणपाट ताणायचं. जुन्या कोटांच्या, ब्लँकेटच्या पट्ट्या कापायच्या. पट्टी गोणपाटाखाली धरायची, वरून आकडी घालायची आणि पट्टीचा छोटा फुगा वर ओढायचा. फुग्याला फुगा लावत गेलं की झाला गालिचा. आकडी मानेने जाडजूड. थोरली ती आत घालून पिळायची, तिरकी करायची आणि हिसका द्यायची. इतकी वर्षं तेच केलेलं, हाताला दुसरं काही ठाऊकच नाही.

दोघींचं एकमेकींच्या कामाबद्दल फार चांगलं मत.

"दिवसभर टोच टोच. डास मारतेस का गं?" थोरली विचारायची.

"तुमचं बरंय ताई. जुने कपडे फाडले, गोणीत कोंबले, झाली कलाकार."

आणि मग दोघी एकाच बशीतली बिस्किटं खायच्या. त्यांचा चुरा माझ्या लोकरीत.

थोरलीच्या लेकीचं पोर रांगायला लागलं, तेव्हा दोघींनी मिळून त्याच्यासाठी गालिचा करायचं ठरवलं. गवत थोरलीचं, हिरव्या कोटाच्या पट्ट्यांचं. तळं निळ्या जाड धाग्याचं, काठाला लोकरीची वेणी शिवलेली. तळ्यात धाकटीचं पिवळं बदक, माझ्याकडून टोचून घेतलेलं. धाकटीला साबणाच्या पाण्यात वळलेले लोकरीचे गोळेही लावायचे होते, गवतातली फुलं म्हणून.

थोरली कडाडली, "गोळे अजिबात नकोत! पोर तोंडात घालेल. अक्कल गहाण टाकलीस का?"

हे वाक्य विसरू नका.

एक दिवस धाकटी बाजारात गेली होती. थोरलीने बदकाकडे मान वाकडी करून पाहिलं. "चोच कसली ही? चपटीच आहे," असं पुटपुटत तिने माझी लाकडी मूठ उचलली, पिवळी लोकर चोचीवर ठेवली आणि टोचायला लागली. आधी बरं चाललं. मग हाताने आपलंच खरं केलं. मला आत घातलं, पिळलं, तिरकं केलं, दिला हिसका.

कट्!

अहो, मी आकडी नाही! मला सरळ आत घालायचं, सरळ बाहेर काढायचं, एवढंच मागते मी. माझा वरचा तुकडा मुठीत राहिला आणि टोकाकडचा चोचीत रुतला. या टोकाकडच्या तुकड्यातूनच मी तुमच्याशी बोलतेय.

थोरलीने चोच चाचपली. टोचताना खाली ठेवतात तो स्पंज उचलून झटकला. फ्रिजवरचं शोभेचं लोहचुंबक आणून बदकावर फिरवलं. मला ओढ लागली, पण लोकरीने मला गच्च आवळलेलं. सोडते कसली.

मग बाईने काय करावं? वरचा तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला, मुठीत नवी सुई बसवली आणि हात धुतले. चांगले साबण लावून धुतले. आणि तोंड कसं निवांत!

धाकटी आली. मूठ हातात घेतली. "ताई, सुई नवी कशी दिसतेय?"

"मला काय विचारतेस? तुझ्या सुया, तुझा पसारा."

धाकटीने चोचीकडे पाहिलं. चोच जाड झालेली तिला दिसली. दिसली म्हणजे दिसलीच! पण भांडण नको म्हणून तिने बदकाचा पंख टोचायला घेतला. एक खोटं बोलली, दुसरीने गिळलं, आणि पोराच्या गालिच्यात मी तशीच.

गालिचा पुरा झाला. मागून कापड शिवलं. लेक पोराला घेऊन आली, जमिनीवर गालिचा अंथरला, तिने "आई गं, किती गोड!" केलं आणि पोराला गवतावर सोडलं. पोराने इकडेतिकडे पाहिलं. पिवळं दिसलं. तोंडाचा आ केला आणि लाळ गाळत सरळ माझ्या रोखाने निघालं.

मी ओरडत होते. सुईचं कोण ऐकतं?

"उचल त्याला!" थोरली किंचाळली. लेकीने घाबरून पोर उचललं. "आधी मी," थोरली म्हणाली आणि धाडकन गुडघ्यांवर बसली. ती एवढी मोठी बाई चार पायांवर गालिचाभर फिरायला लागली. गुडघे दाबत, कोपरं दाबत, तळवे दाबत.

"आई, हे काय खूळ?" लेकीला हसू आवरेना. तिने मोबाइल काढला.

"घोडा घोडा खेळतेय. बघू दे त्याला."

धाकटी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. तीही खाली बसली आणि रांगत समोर आली. दोघींची डोकी बदकावर भिडली.

"कुठे?" धाकटी कुजबुजली.

"चोचीत."

"मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

थोरलीने चोच तळव्याने दाबली. आकडी धरून धरून तिचे तळवे टायरसारखे झालेले, मी काही लागेना. मग तिने मान खाली घातली आणि पोराने लावलं असतं तसं तोंड चोचीला लावलं. गरम श्वास, थुंकी, सगळं माझ्यावर. किळस आली. पण लोकर दबली, माझं मोडकं टोक वर आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून टोचले.

तिच्या ओठावर रक्ताचा थेंब आला. धाकटी चिमटा घेऊन आली.

"सरळ ओढ," थोरली ओठ दाबून म्हणाली. "पिळू नकोस."

मी बाहेर आले.

"आई, ओठाला काय झालं?"

"दात लागला माझाच."

बघा! तेवढ्यातही खोटंच. पोर मग बदकावर पसरलं आणि चोच चघळत बसलं. धाकटी मला डब्यात टाकायला निघाली, तेव्हा मात्र थोरलीने तिचं मनगट धरलं. "अशी नको टाकू. कचरा उचलणाऱ्यालाही हात असतात." आणि मला चिकटपट्टीत जाडजूड गुंडाळलं.

आता मी त्या डब्यात आहे. वर केळ्याची सालं, खाली काहीतरी नासलेलं, गिळगिळीत. माझा राग थोडा निवला असता. पण माझा वरचा तुकडा आठवतो. तो याच डब्यातून गेला, उघडा, मोडलेल्या टोकासकट. त्याची आठवण थोरलीला झाली नाही, धाकटीलाही नाही. नातवाला लागणार होता तो तुकडा शोधायला बाई चार पायांवर रांगली. दुसरा कुणाच्या हातात घुसला, हे विचारायला ती दारापर्यंतही गेली नाही.

तुम्ही जा. तुमच्या दारी कचरा न्यायला जो कुणी येतो, त्याची बोटं एकदा बघा.