दुसऱ्याच्या हातातली झोप

झेझकाझगानजवळच्या तांब्याच्या खाणीवर डंपरवाल्यांच्या मनगटात झोप मोजणारे पट्टे आले, तेव्हा बाकीचे कुरकुरले. झांदोसने मात्र लगेच हिशेब मांडला. पाळीवर चढायचं तर पट्ट्यात पुरेशी झोप दिसायला हवी. ती कुणाची, हे त्याला थोडंच कळतंय? घरात बाप होता. येसिमखान म्हातारा जेवून आडवा झाला की संध्याकाळच्या चहालाच उठायचा. एवढी झोप वाया घालवणं झांदोसला पटेना.

तेव्हापासून रात्रपाळी असली की दिवसा पट्टा बापाच्या हातात आणि झांदोस टॅक्सीवर. म्हाताराही खूश. उभा जन्म डंपरवर गेलेला, सुनेला ऐकवायचा, "कुल्यान, भांडी हळू आपट. मी ड्युटीवर आहे."

त्या संध्याकाळी पट्टा सोडवताना बाप जागा झाला नाही. हात गार लागला. बरंच झालं, उठले असते तर गप्पांत अडकवलं असतं, असं मनाशी म्हणत झांदोस निघाला.

खाणीच्या फाटकावर नर्स बिबिगुलने पट्टा यंत्राला लावला आणि पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने स्वतः त्याची नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. सगळं ठणठणीत.

"दुपारी मरायला टेकला होतास की काय रे? नाडी अडखळतेय काय, मध्येच थांबतेय काय! आणि इथे घोड्यासारखा उभा आहेस. पट्टाच बिघडलाय. जा, चढ गाडीवर, उद्या दुसरा देते."

रांगेतले ड्रायव्हर हसले. भुतालाही पाळी लावतात वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. बिबिगुलने परवानगीच्या चिठ्ठीवर शिक्का मारलासुद्धा.

झांदोसला संध्याकाळचा तो गार हात आठवला. चिठ्ठी घ्यायला हात पुढे होईना.

"पट्टा चांगला आहे," तो म्हणाला. "हात माझा नव्हता. बाबांचा होता."

 बिबिगुलने लगेच गावात रुग्णवाहिका पाठवायला सांगितलं आणि त्याला घरी फोन लावायला लावला. कुल्यान बाउर्साक, कणकेचे गोळे, तळत होती. आत्ताच काय काढलंस, असं वैतागत आतल्या खोलीत गेली. फोनमधून तिच्या हाका ऐकू आल्या.

"उठत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "हलवलं तरी नाही. श्वास आहे, पण कसातरीच."

"कुशीवर वळव. मान मोकळी ठेव. गाडी येतेय," बिबिगुल सांगेल तसं झांदोस सांगत गेला. तेवढ्यात त्याची कबुली ऐकलेल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याच्यासमोर हात पुढे केला. झांदोसने त्याच्याकडे न बघताच गळ्यातलं खाणीचं ओळखपत्र काढून दिलं. कानाला लावलेला फोन हलू दिला नाही.