जीन उजळला

दिवे मालवले तसा बेंगळुरूतल्या जयनगरच्या त्या कल्याण मंटपातला गलका एकदम थांबला. लग्नात जिथे वधूवर बसतात त्या मंचावर आज एक टेबल होतं. टेबलावर जांभळा दिवा, आणि त्याच्यापाशी काचेच्या नळ्यांची रांग. एकेका नळीत एकेका मुलाची थुंकी. खाली अंधारात चाकांच्या खुर्च्या, आयांच्या मांडीवर न मावणारी मोठाली मुलं, आणि श्वास रोखून बसलेले बाप.

"ही सकाळी दारात घेतलेली," डॉक्टर महांतेश म्हणाले. नळी दिव्याखाली धरली. काहीच नाही. "आणि ही आत्ताची. आमचे थेंब पोटात गेल्यानंतरची. बघा, डोळे भरून बघा!"

दुसरी नळी दिव्याखाली आली आणि हिरवट पिवळ्या उजेडाने लखलखली.

"जीन उजळला!" मंचावरचे स्वयंसेवक ओरडले. मागोमाग सगळा मंटप ओरडला. कुणी हात जोडले, कुणी रडायला लागलं.

महांतेश सीमेवरच्या गावचे. मराठी माणसाशी मराठीत बोलत, कन्नड माणसाशी कन्नडमध्ये, आणि कुणी शंका काढलीच तर इंग्रजीत. आज मराठी मंडळी बरीच होती. "डीएनए म्हणजे काय हो, अण्णा? देवाने नेमलेला आराखडा! दे, ने, आ! छापताना एक अक्षर चुकलं म्हणून कुणी अख्खं पुस्तक फाडतं का? आपण अक्षर खोडतो आणि नीट लिहितो. परदेशात याला जीन एडिटिंग म्हणतात आणि कोट्यवधी घेतात. आपल्या ऋषींनी हेच काम सुवर्णभस्माने केलं. आम्ही फक्त त्यात नॅनो घातलं."

नॅनो म्हणजे नेमकं काय घातलं, हे कुणी विचारलं नाही.

वसुमती तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारी तिची अक्का, संपदा. संपदाच्या आठ वर्षांच्या अपूर्वची नळी उजळली तेव्हा तिने वसुमतीचा दंड असा आवळला की नखं रुतली.

"बघितलंस? भोंदू म्हणत होतीस ना? आता बोल."

वसुमतीला बोलता येईना. कारण नळी नव्हे. जनुक म्हणजे काही काजवा नाही, नळीत काहीतरी चलाखी आहे, हे तिला दिसतच होतं. तिची वाचा बसली होती ती अपूर्वमुळे. त्याला ड्यूशेन नावाचा स्नायुक्षय होता. एका जनुकात बिघाड असल्याने शरीरात एक प्रथिन तयारच होत नाही, आणि स्नायू वर्षागणिक झिजत जातात. आधी पाय, मग हात, शेवटी श्वास आणि हृदय. थेंब दिवाळीत सुरू झाले. तोवर तो जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत, शिडी चढावी तसा उठायचा. आज सकाळी तो हात न टेकता उठला होता आणि "मावशी, बघ!" म्हणाला होता. ते तर कुठल्या दिव्याखाली घडलं नव्हतं.

आणखी एका गोष्टीने ती गप्प होती. मंचामागच्या भल्यामोठ्या फलकावर वर्तमानपत्रातलं एक कात्रण छापलं होतं: 'स्नायुक्षयावर जनुकीय कात्री, बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांचं यश; पाच वर्षांत औषध.' फोटोत तिचे प्रमुख डॉ. पद्माकर होते आणि मागे पांढऱ्या कोटात ती स्वतः. बिघडलेलं जनुक दुरुस्त करणारी कात्री स्नायूंपर्यंत पोहोचवायची, हेच तिचं संशोधन. पत्रकारांना बोलावलं तेव्हा तिने सरांना अडवून पाहिलं होतं. "सर, उंदरांचा दुसरा गट अजून तपासायचाय."

"तोवर पुण्याचा गट छापून मोकळा होईल," पद्माकर म्हणाले होते. "शर्यतीत दुसरा आलेल्याला कोण विचारतं?"

बातमीखाली बारीक अक्षरांत 'प्रयोग उंदरांवर' असं लिहिलं होतं. फलकावर महांतेशांनी तेवढी एक ओळ कापली होती.

दुपारी सगळे संपदाच्या घरी जेवायला बसले. अपूर्व पोळीवर पोळी मागत होता. गाल टम्म झाले होते. आवाजात पूर्वी नसलेली चिडचिड होती, आणि पाठीवर बारीक लव दाट झाली होती. "अंग धरलंय बघ पोराने," संपदा कौतुकाने म्हणाली. वसुमतीने ते टम्म गाल पुन्हा निरखले. निघताना तिने थेंबांची एक रिकामी होत आलेली बाटली पर्समध्ये टाकली.

अपूर्वला पूर्वी तपासणाऱ्या डॉक्टर धनलक्ष्मी सरकारी रुग्णालयात होत्या. त्यांनी वर्णन ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "स्टेरॉईड. आणि गंमत सांगू? हेच औषध मी स्वतः लिहून दिलं होतं. या आजारात त्याने काही वर्षं ताकद टिकते. बरं होत नाही, टिकते. तुझ्या भावजींनी कुठेतरी वाचलं की तोंड सुजतं, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात. खरंच होतं. म्हणून तर मोजून द्यायचं आणि तपासत राहायचं. ते नको म्हणाले."

वसुमतीने आपल्या संशोधन संस्थेतल्या यंत्रावर थेंब तपासले तेव्हा तेच निघालं. सोनं नव्हतं, कात्री नव्हती, नॅनो नव्हतं. स्टेरॉईड मात्र होतं, तेही मुलाच्या वजनाला परवडेल त्याहून बरंच जास्त.

"एक गोष्ट पक्की लक्षात ठेव," धनलक्ष्मी फोनवर म्हणाल्या. "एकदम बंद करायचं नाही. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं सोडून देतं. आधी मुलाला माझ्याकडे आणा, मग पायरीपायरीने उतरवू."

वसुमतीने संपदाला सगळं सांगितलं. संपदाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरी, असेल तसं. मग तो उजेड कसला?"

त्याचं उत्तर वसुमतीने पुढच्या रविवारी मंटपात दिलं.

मुलांना थेंबांनंतर एक पिवळं सरबत देत, 'थेंब नीट उतरावेत म्हणून.' वसुमतीने आपणही एक पेला मागून अर्धा प्यायला, आणि दिवे मालवल्यावर उरलेलं सरबत हातात घेऊन सरळ मंचावर जाऊन एका रिकाम्या नळीत थुंकली. कुणी अडवायच्या आत नळी दिव्याखाली धरली. ती लखलखली.

"मी धडधाकट आहे," ती म्हणाली. "थेंब घेतलेले नाहीत. माझा कुठला जीन उजळला?"

महांतेशांनी हसून हात पसरले. "अक्का, तुम्ही अपूर्वच्या मावशी ना? हा दोष आईकडून येतो. तुमच्या रक्तातही असेल तो लपलेला. आज नुसत्या सरबताने तुमचीही दुरुस्ती झाली! टाळ्या वाजवा!"

आणि लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या.

वसुमतीने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, पेल्यातलं उरलेलं सरबत तिच्यात ओतलं आणि बाटली दिव्याखाली धरली. अख्खी बाटली पेटल्यासारखी उजळली.

"ह्या पाण्याचा मामा कोण, मावशी कोण?" ती ओरडली. "ह्याच्या कुठल्या रक्तात दोष होता? अहो, हे बी-टू जीवनसत्त्व आहे. शक्तीची गोळी खाल्ली की लघवी पिवळी होते ना, तेच हे. आणि हा नोटा तपासायचा दिवा. त्याखाली ते चमकतं. सकाळची थुंकी सरबताआधीची म्हणून काळी. बस, एवढाच चमत्कार आहे!"

टाळ्या थांबल्या. कुणीतरी दिवे लावले. मग मागून एका बापाचा आवाज आला, "पण माझा मुलगा जिना चढला!"

"चढला. थेंबांत स्टेरॉईड आहे म्हणून चढला. पण ऐका, ते एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरकडे..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. खुर्च्या कोसळल्या. कुणी महांतेशांच्या अंगावर धावलं, कुणी त्यांना वाचवायला धावलं. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. वसुमती 'बंद करू नका, बंद करू नका' असं घसा फाटेस्तोवर सांगत राहिली. तोवर महांतेश स्वयंपाकघराच्या दाराने निघूनही गेले होते.

संपदाचा नवरा प्रणीत घरी गेला आणि फसवलं गेल्याच्या संतापात त्याने सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. संपदाला वाटलं, दोन दिवसांनी डॉक्टरकडे जायचंच आहे, तोवर काय होतंय. त्या दोन दिवसांत अपूर्वला उलट्या सुरू झाल्या आणि शाळेच्या गणवेशातच तो सोफ्यावर ढेपाळला. हाक मारली तरी डोळे उघडेना.

धनलक्ष्मींना काय झालंय ते माहीत होतं, म्हणून वाचला. शिरेतून जे औषध दिलं ते स्टेरॉईडच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उशीला टेकून बसला. "मावशी, माझा जीन उजळलाच नव्हता?"

"नाही रे. सरबत उजळलं होतं."

"पण मी हात न टेकता उठलो होतो."

"ते खरं होतं. ते तूच उठला होतास."

संपदाने वसुमतीला बाहेर नेलं. कॉरिडॉरमध्ये माणसांची ये-जा होती. ती भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलली. "त्याचं खोटं होतं. तुझं तर खरं आहे ना? कात्री. तुझ्या फ्रीजमध्ये आहे ती. एक इंजेक्शन आण. कुणाला कळणार नाही."

"अक्का, ते माणसाला दिलेलं नाही अजून."

"उंदरांना देता ना? मग माझ्या पोराला का नाही? नाहीतरी तो..."

"दुसऱ्या गटातल्या काही उंदरांची यकृतं निकामी झाली. कात्रीने भलतीकडेही कापलं. आणि ती ज्या विषाणूत घालून देतात, तो एकदा अंगात गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुढे खरं औषध आलं तरी मग ते देता येणार नाही. एकच संधी असते. ती मी वाया घालवू?"

"यकृताचं पेपरात नव्हतं."

"नव्हतं."

"मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?" संपदा म्हणाली आणि आत निघून गेली.

वसुमती तशीच पद्माकरांकडे गेली. दुसऱ्या गटात काय बिघडलं तेही जाहीर करा, म्हणाली. नाहीतर असे महांतेश आपल्याच फोटोवर दुकान मांडतील. पद्माकरांनी शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे तुझं. पण आत्ता नको. स्वल्प थांब. पुणेवाल्यांचा निबंध येऊ दे." ते वाईट माणूस नव्हते. हेच तिला जास्त लागलं.

पोलिसांत तक्रार झाली. मंटपाबाहेरची पाटी उतरली. महिन्याभरात महांतेश दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहरात दिसल्याचं कुणीतरी कळवलं. फलकावर कात्रण तेच होतं.

वसुमतीने मंटपात येणाऱ्या कुटुंबांना एकेक करून फोन केले. काहींनी आभार मानले, काहींनी शिव्या घातल्या. बीदरहून नातवाला घेऊन आलेल्या विठाबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, खोटं काढून घेतलंस ते बरं केलंस. पण त्याच्या जागी ठेवायला काही आणायचं होतंस गं."

धनलक्ष्मींनी रुग्णालयातच या कुटुंबांची बैठक बोलावली. वसुमतीने सरांची परवानगी न घेता तिथे सगळं सांगितलं. काय जमलं, काय फसलं, किती उंदीर मेले, सगळं. मग म्हणाली, "उद्या कुणीही येईल. भगवी शाल घालून येईल, पांढरा कोट घालूनही येईल. माझ्यासारखीच कुणी असेल. त्याला विचारा, बाटलीत काय आहे? कुणाकुणाला दिलं, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय झालं? दुसऱ्या कुणी तपासलं का? उत्तर देताना जो चिडेल, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका. डॉक्टर देतात ते औषध मोजून घ्या, हृदय तपासत राहा, श्वासाचे व्यायाम चुकवू नका. याने मुलं बरी होत नाहीत. पण त्यांची वर्षं वाढतात, आणि ती वर्षं खरी असतात. आशा धरा, पण विचारत राहा. विचारण्याने खऱ्या औषधाचं काही बिघडत नाही."

शेवटच्या रांगेत संपदा बसली होती. ती आली होती, हेच पुष्कळ होतं. तिने हात वर केला.

"तुमचं औषध यायला किती वर्षं लागतील?"

तिला ऐकायचा होता तो आकडा वसुमतीला ठाऊक होता: पाच. फलकावरच्या कात्रणात तोच होता, आणि एवढ्या जणांत तो उच्चारणं फार सोपं होतं.

"माहीत नाही, अक्का," ती म्हणाली.